डाऊट वहीतलं नाताळचं गाणं

जबाब
दि. २४/१२/२०१८, वेळ सकाळी ११.४० वा.

मी रत्नम्मा भ्र. मलप्पा बिराजदार, वय ३८ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, शिक्षण आठवी, रा. नागझरी (पुनर्वसित), ता. औसा, जि. लातूर. मला कुणी बोलावलेले नाही. मी माझ्या पायाने पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

माझी मुलगी शिल्पा, वय १७ वर्षे, बारावी सायन्सला आहे. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी ती दीड वर्षापासून लातूर येथे क्लासला आहे व क्लासच्याच होस्टेलवर राहते. होस्टेलवर मुलींना मोबाईल ठेवता येत नाही. क्लासची पद्धत अशी की, ज्याला जे कळले नाही ते त्याने डाऊट वहीत लिहायचे आणि दर शनिवारी वही पेटीत टाकायची. सर उत्तरे लिहून सोमवारी वही परत देतात.

काल रविवार दि. २३ रोजी सकाळी ९ चे सुमारास मी शेतात तुरी कापत असताना माझे मालक मलप्पा यांच्या मोबाईलवर अंबरीश सरांचा फोन आला. ते क्लासला फिजिक्स शिकवतात व होस्टेलही तेच बघतात. त्यांचे पूर्ण नाव मला माहीत नाही. ते म्हणाले, "तुमच्या मुलीने क्लासवर हल्ला करायचं धमकीचं पत्र लिहिलंय. येऊन घेऊन जा." मी म्हणाले, "सर, तुमची कायतरी चूक होतीय." त्यांनी फोन ठेवला. मी तशीच निघाले. हातपाय धुवायलाही थांबले नाही.

दुपारी १२ वाजता मी क्लासच्या गेटवर पोहोचले. शिल्पा बाहेर पायरीवर बसलेली होती. तिची बॅग आत, पुस्तके आत, आणि लेकरू बाहेर. गेटवरच्या बोर्डावर पहिल्या दहा जणांत तिचा फोटो होता. तो ब्लेडने कापून काढला होता. तिथे चौकोनी भोक होते व मागची भिंत दिसत होती. एवढी घाई कशाची होती ते मला सरांना विचारायचे आहे.

सरांनी मला वहीचे शेवटचे पान दाखवले. अक्षर शिल्पाचे आहे. त्यात लिहिले आहे ते असे:

"चोवीस तारखेला, दिवेलागणीला, आम्ही येणार
दारं लावा, फोन तोडा, कुणी हलायचं न्हाई
तिजोरी वरच्या मजल्यावर, खाली सगळे हात वर
घंटा वाजवा पोरांनो, टण टण टण"

मी सरांना म्हणाले की, धमकी देणारा माणूस टण टण टण कशाला लिहील. सर म्हणाले, "मॅडम, इथं मुलं अभ्यासाशिवाय काही लिहीत नाहीत. लिहिलं म्हणजे मनात काहीतरी आहे." दीड वर्ष लेकरं सांभाळणारा माणूस हे बोलतो. मला लई राग आला, हे लिहून घ्या. जबाब लिहिणारे हवालदार म्हणाले, राग लिहायची पद्धत नाही. मी म्हणाले, लिहा.

खरी गोष्ट अशी आहे. दिवाळीच्या सुट्टीत शिल्पाने माझ्या भावाचा मुलगा हरिओम याच्या घरी टीव्हीवर मारामारीचा इंग्रजी पिक्चर पाहिला. नाताळच्या आदल्या दिवशी चोर एका मोठ्या दुकानात शिरतात आणि एकटा वॉचमन त्यांना पुरून उरतो, असा तो आहे. त्या पिक्चरवर कुणीतरी हौशी पोरांनी गाणे केले आहे. चोरच नाताळचे गाणे म्हणतात, असे. शिल्पाला ते हरिओमच्या मोबाईलवर सापडले. होस्टेलवर करमेनासे झाले की ती त्याच्या दोन-दोन ओळी मराठीत करून लिहायची. दुसरी वही जवळ नव्हती म्हणून डाऊट वहीत मागे लिहिले. एवढाच तिचा गुन्हा.

आज हरिओमने ते गाणे हवालदारांच्या मोबाईलवर पाठवले. इथे ठाण्यात लावले, तेव्हा मीही पहिल्यांदाच ऐकले. इंग्रजी मला कळत नाही. घंटा वाजतात, गिटार वाजते, चार-पाच जण रागावून ओरडतात आणि मधेच त्यांना हसू येते. शिल्पाने हवालदारांना ओळीओळीचा अर्थ सांगितला. हवालदारांनी ते परत लावायला सांगितले व टेबलावर बोटांनी ठेका धरला. हे लिहायचे नसते असे ते म्हणाले. मी लिहायला सांगितले.

सरांनी पान उलटले असते तर त्यांना दिसले असते. मागच्या बाजूला चहाला गेलेला वॉचमन परत येतो, थर्मासने चोरांना बदडतो आणि आतल्या माणसांना एकेकाचे नाव घेऊन बाहेर बोलावतो. हे नावे घेणे मूळ गाण्यात नाही. ते शिल्पाने घातले. भूकंपात आमचे घर पडले तेव्हा माझे चुलते धोंडप्पा यांनी दगडावर उभे राहून आम्हाला एकेकाला नावाने हाका मारल्या. मी ओ दिली, म्हणून मला काढले. दोघांनी ओ दिली नाही. याबद्दल मला जास्त सांगायचे नाही. माझी शाळा तेव्हाच सुटली. शिल्पाची अशी सुटू देणार नाही.

काल सायंकाळी सरांनी क्लासच्या सगळ्या पालकांच्या ग्रुपवर शिल्पाचे नाव, फोटो व वहीच्या त्या पानाची पुढचीच बाजू टाकली. "धमकी देणाऱ्या विद्यार्थिनीस काढून टाकले आहे, पालकांनी घाबरू नये," असे लिहिले. आज क्लासला सुट्टी देऊन गेटवर दोन पोलीस उभे केले आहेत. आज सकाळी सर मला म्हणाले की, माफीनाम्यावर मायलेकींनी सही करा, तक्रार करू नका, एक तारखेपासून तिला बसू देतो. शिल्पा म्हणाली, "आई, कर सही. मे महिन्यात परीक्षा हाय." मी केली नाही. न केलेल्या गोष्टीची माफी मागून ती डॉक्टर झाली तरी, हा कागद जन्मभर कुणीही काढून दाखवील. ती माझ्याशी सकाळपासून बोलत नाही. बाहेर बाकावर बसली आहे.

तरी माझी तक्रार आहे की, सरांनी ज्या ग्रुपवर तिचे नाव टाकले त्याच ग्रुपवर वहीच्या त्या पानाच्या दोन्ही बाजू टाकून चूक कबूल करावी, तिची पुस्तके आजच्या आज द्यावीत व तिला क्लासमध्ये बसू द्यावे. "गैरसमज झाला" एवढ्यावर मी ऐकणार नाही.

माझा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात माझ्या तोंडी चार ठिकाणी "सदर धमकीचे पत्र" असे लिहिले होते. मी ते चारही ठिकाणी खोडून "गाणे" असे लिहून घेतले व प्रत्येक खोडलेल्या जागेशेजारी सही केली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.