नजर कुठं थांबते

मी इंझोरीची सरपंच झाली, तवाची गोष्ट सांगते. पहिल्याच ग्रामसभेत ठराव वाचता वाचता 'पाणीपुरवठा' शब्दावर अडकली अन् मागून कोणीतरी हसलं. तवापासून वाचायचं काम मी ग्रामसेवकावर टाकलं.

मग पुण्याची एक पोरगी आली. वाचताना माणसाचे डोळे कसे फिरतात, हे ती तिच्या अभ्यासासाठी कॅमेऱ्यानं पाहून राह्यली होती. मी म्हटलं, "बाई, मले सोड. मी लांब शब्दावर अडकते."

तरी तिनं एक पान वाचून घेतलं अन् माही नजर जिथं जिथं थांबली तिथले ठिपके लॅपटॉपवर दाखवले. "काकू, 'जमीनमोजणी'वर तुमची नजर आधी 'जमीन'वर थांबली, मग 'मोजणी'वर. तुम्ही अडकत नाही, शब्द फोडून वाचताय. माझीही नजर अशीच थांबते."

"तुहीबी?"

"हो, हे बघा माझे ठिपके."

पुढच्या ग्रामसभेत सारे ठराव मी सोता वाचले, हळूहळू, शेवटपर्यंत. घरी येऊन तिले फोन केला. ती म्हणे, "काकू, वेळ दिलात, तुमचे आभार मानायचे राहिले होते."

मी म्हटलं, "पोरी, चौथीत शाळा सुटली तवापासून मी सोताले ढ समजत होती. तू कायचे आभार मानतं?"