भाऊकाकांची द्राक्षं

द्राक्षं म्हटलं की मला कुणकेश्वरचे आमचे भाऊकाकाच आठवतात. खाऱ्या वाऱ्यात वेल जगायची नाही, असं सगळे सांगत होते, तरी त्यांनी ती गच्चीवर ड्रममध्ये वाढवली. पहिला घड पिकला, तोवर काकांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. घोटभर पाणीही उतरत नव्हतं. नाकातल्या नळीतून पेज द्यायचे.

आमच्या शेवटच्या भेटीत काकीने तो घड माझ्यापुढे ठेवला. काकांनी खुणेनंच 'खा' म्हटलं. मी एक मणी तोंडात टाकला, मग आणखी एक.

"कशी आसत रे?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

द्राक्षं साखरेसारखी होती. मला सांगवेना. म्हटलं, "आंबट आसत, काका."

काकांनी घडाकडे बोट दाखवलं.

"मगे दुसरो मणी कित्याक तोंडात घातलंस?"