अंडी खाली, बटाटे वर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! नाव वाचताच आलं नाही, चष्मा सापडत नाहीये. म्हणजे हरवलेला नाही, तुझ्या बाबांनी ‘जागेवर’ ठेवलाय. आता ती जागा कुठली, ते त्यांनाच ठाऊक.

थांब, गॅलरीत येते. दार लोटून घेते जरा… हं, बोल.

…काय झालं म्हणजे? काही नाही झालं. तुझे बाबा घरात आहेत.

नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. तेच तर दुखणं आहे. ठणठणीत माणूस दिवसभर घरात. सकाळी मिठाचा डबा शोधायला मला त्यांना हाक मारावी लागली. माझ्याच स्वयंपाकघरात!

…सगळे डबे खाली उतरवले, पुसले आणि वजनाप्रमाणे लावले. अवजड खाली, हलकं वर. पापणी लवायच्या आत कुठलंही सामान सापडेल म्हणाले. त्यांना सापडतं. मी चहात मीठ घालता घालता राहिले.

हो, हो… तुझं नवीन घर? मिळालं? अगं, तोंडात साखर पडो तुझ्या! कधी जायचं राहायला?… या रविवारी? बरं, ते सगळं सांग हं मला, पण आधी माझं ऐक ना. मी कुणाला सांगणार दुसरं? भिंतींना?

तर ते समोरचं दुकान. आपल्या गॅलरीतून दिसतं ते, काचेचं. तुझ्या बाबांनी शपथ घेतलीय, “त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.” त्या दुकानाला पायरी नाही, दार आपोआप सरकतं. पण हे कोण सांगणार?

…अगं, पिशवी तपासली त्यांची. दारात. सगळ्यांसमोर.

नाही नाही, काही घेतलं नव्हतं गं! तुझे बाबा आणि… काहीतरीच काय! सुटा चमचा चुकून आला तर परत द्यायला जाणारा माणूस. तिथे पाटीच लावलीय, ‘कोणाचीही पिशवी कधीही तपासली जाईल’. आता यंत्रं आली ना तिथे. आपलं सामान आपणच त्या काचेवर धरायचं, टुंग वाजलं की पिशवीत टाकायचं, पैसेही त्यालाच द्यायचे. मग बाहेर पडताना एखाद्याला बाजूला घेतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी? मी नाही जात त्या यंत्राकडे. एकच काउंटर माणसाचा ठेवलाय, तिथे रांगेत उभी राहते. पाय दुखतात, पण निदान कुणी तोंड बघून ‘बऱ्या आहात ना’ विचारतं. आणि मला दाराशी तपासणीवाले दिसले ना, की मी काही न करता चोरासारखी चालायला लागते. एकदम ताठ. नजर समोर. मीच मला पकडलं असतं.

…हो, वरच्या काकूंचं उलटंच. त्या आपणहून पिशवी उघडून दाखवतात. महागाचं चीज घेतलं की हमखास. परवा तर तपासणीवाल्याने ‘जा’ म्हटलं तरी हलेनात. “बघून घ्या हो नीट, नंतर तक्रार नको.” चीज वर काढून ठेवलेलं. सगळी रांग बघतेय.

आणि खालचे ते दातांचे डॉक्टर, ते म्हणतात, मी यंत्राला हात लावणार नाही, त्यांचं काम मी करायचं तर पगार सुरू करा. रोज तेच म्हणतात आणि रोज यंत्रावरच जातात, रांग नको म्हणून.

पण तुझ्या बाबांना, ऐक, तुझ्या बाबांना यंत्र आवडलं होतं! खरंच. पहिल्या दिवशी आले ते हसतच. का सांग?… बरोबर. पिशवी स्वतः भरायला मिळते म्हणून. पूर्वी काउंटरवर ती एक होती ना, जिला हे ‘धांदल’ म्हणायचे… हो, तीच, पावावर साबण फेकणारी. रोज घरी येऊन तिच्या नावाने खडे फोडायचे. आता म्हणे कुणाची लुडबुड नको. बटाटे तळाला, वर साबण, बाजूने बिस्किटं उभी, मधे पाव, आणि सगळ्यात वर अंडी. पार्सल ऑफिसात जन्म गेला त्यांचा, तू बघितलंयस ना, दोरीची गाठ मारताना जीभ कशी बाहेर यायची.

थांब… अहो! पिठाचा डबा राहू द्या तिथेच! मला लागतो रोज!… काय?… अवजड असला तरी!

हं, बोल. नाही गं, ऐकू नाही जात त्यांना, डब्यांचा आवाज केवढा आहे.

तर त्या दिवशी तपासलं. आणि तेव्हापासून असं तोंड पाडून बसलेत की मला बघवेना. घरात असले की माझं डोकं उठतं, खरंय, पण रिकामी पिशवी खुंटीला लावून तिच्याकडे बघत बसलेला माणूस, तेही बघवत नाही गं. मी किती समजावलं. म्हटलं, अहो, तुम्हाला कोण चोर म्हणेल? कर नाही त्याला डर कशाला? डॉक्टर येऊन सांगून गेले, मलाही दोनदा तपासलंय म्हणून. काकू चीज घेऊन आल्या समजावायला. सगळे आपले “तुम्ही चोर नाही, तुम्ही चोर नाही.” दिवसभर. शेवटी काल भडकले.

…काय म्हणाले? म्हणाले, “चोर म्हणाले असते तरी चाललं असतं. त्याने अंडी बटाट्यांखाली ठेवली!”

हस, हस. मीही हसले आधी. दुखणं म्हशीला आणि आम्ही इंजेक्शन देतोय पखालीला. अगं, त्या तपासणीवाल्याने सगळं टेबलावर काढलं, बिलाशी जुळवलं, सगळं बरोबर निघालं, ‘थँक्यू काका’ म्हणाला आणि हाताला येईल तसं भरून दिलं. अंडी तळाला, बटाटे वर. एवढा तोंडाळ माणूस, पण पिशवी तशीच उचलून आणली घरी. मला वाटलं होतं, रागाच्या भरात पिशवी आपटली म्हणून अंडी फुटली. मुकाट्याने ऑम्लेट खाल्लं दोघांनी.

…हो ना. हसून झाल्यावर मला वाईटच वाटलं. नोकरी संपल्यापासून ती पिशवी हेच एक पार्सल उरलंय गं त्यांना बांधायला. ते कुणी असं टेबलावर ओतलं तर…

हो. हो… नाही, मी गप्प बसते होय? काल संध्याकाळी मीच गेले दुकानात. पाय मोकळे करायला जाते सांगून. सरळ त्या धांदलकडे. ती आता त्या सगळ्या यंत्रांवर लक्ष ठेवते, कुठे लाल दिवा लागला की धावते. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पदर खोचून म्हण. तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तीच म्हणाली, “काकू, पिशवीवाले काका कुठे आहेत? आजारी नाहीत ना?”

…हो, तीच! अगं, पुढे ऐक. ते यंत्र आहे ना, ते पिशवीचं वजन करत असतं. एकदा ठेवलं की उचलायचं नाही. आणि तुझे बाबा काय करतात? टुंग झालं, ठेवलं, मनासारखं बसलं नाही की पुन्हा सगळं बाहेर, पुन्हा आत. बटाट्याची पिशवी चार वेळा खालीवर. यंत्राला वाटतं, हा माणूस काहीतरी लंपास करतोय. म्हणून लाल दिवा. प्रत्येक वेळी! आणि प्रत्येक वेळी ही बाई मागून यायची, कार्ड लावायची, दिवा घालवायची आणि जायची. यांना वाटायचं, यंत्र आपल्यावर खूश होऊन हिरवं होतंय.

…कित्येक महिने! बोललीही नाही कधी. मी विचारलं, का गं बाई? तर म्हणाली, “काकू, एवढी सुंदर पिशवी भरतात, मधे कसं थांबवायचं? मी काउंटरवर होते तेव्हा रोज बोलणी खायची त्यांची. आता लांबून बघून शिकले.” त्या दिवशी तिची रजा होती. बदलीच्या माणसाला काय ठाऊक, त्याने लाल दिवा बघितला आणि दारातल्याला खूण केली. म्हणजे दिव्यामुळेच तपासली, मग पाटीवर काही का लिहिलेलं असेना.

नाही, सांगितलं नाही अजून. कसं सांगू? ज्या बाईला इतकी वर्षं नावं ठेवली, तीच यांना सांभाळून घेत होती, हे ऐकलं तर…

…

श्श. थांब.

डब्यांचा आवाज थांबलाय.

…नाही, किती वेळापासून ते कुणाला माहीत. दार लोटलं होतं मी. उघडं आहे आता… दारातच उभे आहेत. हातात डाळीचा डबा.

…काही नाही, बघतायत नुसते… अहो, लेकीचा फोन आहे. बोलता का?… मान हलवतायत. हो-नाही काही कळत नाही.

तूच बोल काहीतरी पटकन. घराचं सांग. रविवारी जायचं ना?… हं… हं… मोठ्याने सांगते त्यांना, थांब. अहो, ती म्हणतेय सामान हलवायचंय रविवारी, आणि माणसं लावली होती, त्यांनी एक पेटी भरून दाखवली… काय गं?… तवा वर आणि काचेचे पेले खाली. अहो, पेले खाली ठेवले म्हणे, तवा वर!

…अगं, चेहरा बघायला हवा होतास. डबा खाली ठेवला त्यांनी.

काय?… तुला कधीचं विचारायचं होतं? मग विचारायचं की!… रागावलेत म्हणून भ्यायलीस? वेडी आहेस का, ठमे? तू कशासाठी फोन केलास हे मी एवढा वेळ विचारलंच नाही बघ. अहो, ती म्हणतेय तुम्ही या. तिचं सगळं सामान तुम्हीच बांधायचं.

…आत गेले.

थांब, चपलांचा आवाज येतोय… अहो, निघालात कुठे?… खोकी?… कुठून?… खोकी आणायला चाललेत. म्हणतायत, सामान हलवायचं तर साबणाचीच खोकी हवीत, दुपदरी असतात, बिस्किटांची तळातून फाटतात. आणि साबणाची खोकी… हो गं हो. समोरच मिळतात. मी काही बोलत नाहीये. तूही बोलू नकोस.

…अहो, जाता जाता माझा चष्मा तेवढा!… काय?… कपाटावर आहे म्हणतायत. नाजूक वस्तू सगळ्यात वर. मी स्टुलावर चढून वाचायचं की काय पेपर?

गेले. थांब, खाली दिसतील आता… दिसले. रस्ता ओलांडतायत… अगं, लांबचं स्वच्छ दिसतं मला, चष्मा जवळचा आहे… दारापाशी पोचले. थांबलेत. दार आपोआप उघडलंय, हे उभेच. दार मिटलं. पुन्हा उघडलं… अहो, जा ना आत…

गेले! गेले गं आत.

…आता काही दिसत नाही. बटाट्यांच्या मागे गेले. तू तोवर सांग, हवा येते का घरात? स्वयंपाकघर केवढं आहे?… हं… हं… खिडकी कुठल्या बाजूला?… आले, आले, थांब! दाराशी आलेत. हातात एकच खोकं. मोठं. एवढ्यात काय होणार तुझं?

अरे देवा. अडवलं त्यांना. परत अडवलं!

…तपासणीच्या टेबलापाशी. रिकामं खोकं कसलं तपासतात, शुंभ मेले! मी जाते खाली… थांब. धांदल आहे ती. तीच आहे दाराशी आज. हात पुढे करून उभी आहे, ठेवा म्हणतेय टेबलावर… ठेवलं त्यांनी.

उघडतेय… आतून दुसरं खोकं निघालं. त्याच्या आत तिसरं. अगं, एकात एक घालून आणलीयत सगळी! टेबल भरलं की. मागे रांग लागली. डॉक्टर आहेत रांगेत, पिशवी छातीशी धरून. आणि तुझे बाबा हाताची घडी घालून उभे.

…ती परत भरतेय. मोठ्यात मधलं… मधल्यात… चुकली. नाही, नाही, स्वतःच काढलं बाहेर, फिरवलं, आणि… बसलं. झाकणं आत दुमडली तिने, यांच्यासारखी.

…हे काय करणार? बघतायत. वाकून चारी बाजूंनी बघतायत. आणि…

हसले गं! तुझे बाबा हसले. काहीतरी म्हणाले तिला, आणि तीही हसतेय, पोट धरून. काय म्हणाले असतील?… मला इथून कसं ऐकू येणार, चष्मा नाही, कानसुद्धा जवळचेच आहेत माझे!

नाही, रडत नाहीये. गॅलरीत धूळ आहे.

आले बाहेर. वर बघतायत. हात हलवू कशी, हातात फोन आहे… काय हो?… काय?… खालूनच ओरडून विचारतायत, काचेचं सामान किती आहे तुझं? सांग लवकर, सगळा रस्ता ऐकतोय… अहो, भरपूर आहे म्हणतेय ती! भरपूर!

चल, ठेवते. दोन्ही हात भरलेत त्यांचे, दार मलाच उघडायला हवं.