एकोणिसाव्या वर्षीचं औक्षण

मंडळी, आख्यानाला उभं राहण्याआधी एक विचारतो. दिवस मोठा कशानं होतो?

भिंतीवर कॅलेंडर आहे ना तुमच्या? काढा कुठलंही पान. एकाच चौकोनात कुणी राजा जन्मलेला, कुणाचा गड पडलेला, कुठल्या तरी देशात कुणी तरी आकाशात उडालेलं! त्या चौकोनाला काही वाटतं का हो? तो हसतो का, रडतो का? तो बसलाय मुकाट, खाली दूधवाल्याचा हिशेब पोटात घेऊन!

आमच्या तबलजींना विचारा वाढदिवस कधी. एक जून! पेटीवाले? एक जून! अहो, मास्तरांनी शाळेत घातलं ते नाव आणि मास्तरांनीच दिली ती तारीख. खरा दिवस एका आईला ठाऊक. — तर मंडळी, ही गोष्ट अशाच एका आईची. ऐका.

तिवरखेडं नावाचं गाव. नदीच्या वळणावर वसलेलं. तिथं लुमाजी कोळी नाव चालवायचा. बायको गजराबाई, दोन मुलगे. थोरला हैबती, बापासारखाच नावेवर. धाकटा वसंता तालुक्याला शिकून तिथंच गुरुजी झालेला.

एका श्रावणात नदी फुगली. वद्य षष्ठीची सकाळ, तारीख तेवीस ऑगस्ट. पाणी वेशीत, मग देवळात, मग माणसांच्या चुलीत! हैबती पलीकडं उतरलेली माणसं वर टेकडीवर पोचवत होता, आणि लुमाजी खेपेवर खेप करत होता. म्हातारे नेले, लेकरं नेली, कुणाची शेळीसुद्धा नेली. शेवटी गजरा म्हणाली, "आता पुरे. दंड भरलेत तुमचे."

तो म्हणाला, "एक खेप राह्यलीया. कांता अडलीया कुंभाराची."

कांता म्हणजे कुंभाराची सून, दिवस भरलेले. गजरा तिच्यासंगं नावेत चढली. आणि मंडळी, भर पुरात, त्या हेलकावणाऱ्या नावेत पोर जन्मली! वर आभाळ फाटलेलं, खाली नदी खवळलेली, आणि मधे हे एवढंसं रडणं! अंगावर काटा येतो हो. ज्याला ब्रह्मांड सांभाळता येतं त्याला एक फळकूट सांभाळणं जड नाही, पण आपण ते पाहतो कधी?

नाव टेकडीखालच्या उताराला लागली. कांता उतरली, पोर उतरली, गजरा उतरली. लुमाजी काठाला बांधलेल्या दोराच्या आधारानं पाण्यात उभा राहून नाव वर रेटत होता. दोर तुटला. नदीनं त्याला नेलं. पुन्हा सापडला नाही.

गाव वाचलं. गाव म्हणालं, दरसाल हा दिवस पाळायचा. ठरलं!

आता आपली माणसं! पहिलं वर्ष फिरलं. हैबतीनं पंचांग काढलं, श्रावण वद्य षष्ठीला श्राद्ध घातलं, गाव जेवलं. वसंताला सांगावा धाडायचा राहिला. दहा-अकरा दिवसांनी तेवीस ऑगस्टला वसंत गुरुजी फुलांचा हार घेऊन एस्टीतून उतरला. दारात सामसूम. म्हणाला, "बापाचं जेवण उरकलंत, मला कळवलंही नाही?"

हैबती म्हणाला, "बापाची तिथी ठाऊक नाही, असला कसला तू गुरुजी?"

संपलं! पुढं वसंता गावच्याच शाळेवर बदलून आला, आणि घरात भिंत उभी राहिली. आणि गावाला काय, निमित्तच हवं असतं. अर्धं गाव तिथीचं, अर्धं तारखेचं. तिथीवाले तारखेला घराबाहेर पडेनात, तारखेवाले तिथीला मुद्दाम गावाला जायला लागले. मला सांगा, तिथी चंद्राची, तारीख सूर्याची. चंद्र खोटा का सूर्य खोटा? तिथी पाळणारेही बरोबर, तारीख पाळणारेही बरोबर. दोघं बरोबर असले की भांडण मिटत नाही मंडळी! एक चुकलेला असता तर कधीच मिटलं असतं.

गजराबाई मधल्या पडवीत राहायची. तिला मात्र दोन्हीकडं जावं लागे. एकाच नवऱ्यासाठी वर्षातून दोनदा पान वाढायचं, दोनदा रडायचं. हाडं थकली होती. तिच्या मनात एकच होतं: आपण मिटायच्या आत दोन्ही लेकरं एकदा तरी त्या उतारावर शेजारी उभी राहावीत.

आणि मग काय घडलं? वर बघा! चंद्र त्याच्या वाटेनं जातो, सूर्य त्याच्या. कुणी कुणासाठी थांबत नाही. पण एकोणीस वर्षं झाली की फिरून फिरून दोघं जुन्या खुणेवर येतात. एकोणिसाव्या वर्षी हैबतीनं पंचांग उघडलं, वद्य षष्ठी. पलीकडं वसंतानं कॅलेंडर उलटलं, तेवीस ऑगस्ट. तोच दिवस! अरे, कुणी केली ही योजना? पुढाऱ्यांच्या बैठकीत जमलं नाही ते आभाळात जमलं!

गाव मात्र घाबरलं. दोन मिरवणुका, बोळ एक. पोलीसपाटलाची झोप उडाली. दोघे भाऊ पाठोपाठ आईकडं आले. हैबती म्हणाला, "आये, पान माझ्यात." वसंता म्हणाला, "आई, या वर्षी माझ्याकडेच." ती म्हणाली, "सकाळी उताराला या. दोघंबी."

आणि स्वतः गेली कुंभारवाड्यात. कांताला म्हणाली, "तुझ्या सरिताला उद्या उताराला घेऊन ये. न्हाऊ घालून, नवं नेसवून."

कांता गडबडली. "आत्याबाई, त्या दिवशी आम्ही पोरीला बाहेर काढत नाही. तुमच्या दुःखाचा दिवस. आजवर तिला कधी ओवाळलं नाही."

"म्हणून तर आले," गजराबाई म्हणाली.

सकाळ झाली. उतारावर एका अंगाला तिथीवाले ढोल घेऊन, दुसऱ्या अंगाला तारखेवाले हार घेऊन. मधून गजराबाई आली. हातात तबक, तबकात निरांजन. मधोमध पाट मांडला आणि सरिताला म्हणाली, "बस, बाय."

कुजबुज सुरू झाली. विधवा बाई, आणि ओवाळणार? हैबती पुढं आला, हळूच म्हणाला, "आये, तू ओवाळायचं नसतं."

ती म्हणाली, "तुझ्या बापाला शेवटचं वल्हं ह्याच हातानं दिलं. ही पोर ह्याच हातानं झेलली. तवा कुणी इचारलं न्हाई." मग दोघांकडं बघितलं. "त्या दिशी काय झालं ते तुमी दोघांनी पाह्यलं न्हाई, मी पाह्यलं. काठावर पोर पुन्यांदा रडली. त्यो कंबरभर पाण्यात हुता, आवाज ऐकून हसला. मग दोर तुटला. आदी ही आली, मग त्यो गेला. एकाच दिसात. तुमी नुसतं जाणं धरून बसला. तिथीनं धरलं, तारखेनं धरलं. आन जिच्यापायी त्यो गेला, ती पोर दरसाल दाराआड बसली. मी बी रडत बसले, मला बी उशीर झाला."

एवढं बोलून तिनं तबक उचललं. आणि नदीवरनं वारा आला.

ज्योत आडवी झाली. निरांजन विझणं म्हणजे अपशकुन, आणि तोही त्या पोरीच्या पहिल्या औक्षणात! गाव श्वास रोखून उभं. तेवढ्यात डावीकडनं दोन हात आले, उजवीकडनं दोन हात आले. एक हात वल्ह्यानं घट्टे पडलेला, एक खडूनं पांढरा. चार तळव्यांच्या आत ती ज्योत सरळ उभी राहिली.

हैबती म्हणाला, "वसंता, वारं तुझ्या अंगानं हाय. हात जरा सरकव."

अठरा वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य! वसंतानं हात सरकवला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी घळाघळा वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. गजराबाईनं पोरीला ओवाळलं.

तर दिवस मोठा कशानं होतो, मंडळी? विठ्ठलानं एकाच चौकोनात येणं घातलं, जाणं घातलं. आपण आपल्याला हवं तेवढंच उचलतो आणि त्यावर भिंत बांधतो. चंद्र-सूर्याला एकोणीस वर्षं लागतात, त्यांची वाट लांबची आहे. तुमचा भाऊ किती लांब राहतो हो? भिंतीपलीकडंच ना?

हात वर करू नका, मला इथून चेहरे दिसतायत. आरती लागेल आता. ताट फिरेल तेव्हा ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. बोलू नका हवं तर. वारा आहे, नुसता हात धरा ज्योतीला. बाकीचं तो विटेवरचा बघून घेईल.