ढोलीजवळचा बोरा

— नाही गा मनिराम, कार्ड आलं त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. तेच तुले सांगून राहिलो. धानाच्या पेंढ्यांचा पुंजणा मोडला होता, खळ्यावर बैल फिरून राहिले होते, आणि मी शेण झेलायले टोपलं घेऊन त्यांच्या मागं. पोस्टमन आला, बांधावरूनच कार्ड पुढं केलं. तुमच्या हमालांच्या मुकादमाचं. ‘आपले भाऊ शालीकराम रेल्वेच्या मालधक्क्यावर पडून वारले, क्रियाकर्म आम्ही केले.’ आठ दिवसांपूर्वीची तारीख. मी वाचलं, बंडीच्या खिशात ठेवलं आणि बैलाले हाकललं. असा काय पाहतोस? धान खळ्यावर उघडं टाकून कोणी रडत बसते काय? चुरणं आटोपलं, हातपाय धुतले, मग बायकोले सांगतलं. ती मात्र रडली. तिचा काय, दीर होता — भाकर मागून खाणारा.

बस ना. खाटेवर नाही, तिथं पायरीवर बस. गाठोड्यात काय आणलं? दुपट्टा — आणि हा आकडा, बोऱ्यात अडकवायचा. ह्याची मूठ त्यानंच घासून घासून अशी केली काय? ठेव तिकडं. त्याची ओझी उचलायची हौस जुनीच. हौस, अंग नव्हे. इंग्रज गेला, झेंडा बदलला, त्या साली बाप गेला, तेव्हा शालीक पंधरा-सोळाचा असेल. दरसाल हिवतापानं निजायचा. पोट पुढं, हातपाय तुरीच्या काड्या. वारा सुटला की मी चारचौघांत म्हणायचो, शालीक, घरात जा, उडशील. लोक हसायचे. तोही हसायचा, मग काय करेल.

तर आमच्या घरची एक रीत आहे, आज्यापासूनची. खळ्यावरून दोन मणाचा भरलेला बोरा एकट्यानं खांद्यावर घ्यायचा, घरातल्या धान साठवायच्या ढोलीपर्यंत न्यायचा, ढोलीत रिकामा करायचा. नेला, की त्या माणसाची बैलजोडी वेगळी, धानाच्या बांध्या वेगळ्या. नाही नेला, तर तो दुसऱ्याच्या हाताखाली. मी अठराव्या वर्षी नेला. शालीक विसाचा झाला तरी मी त्याले पेंढ्याच उचलायले लावायचो. मग नागऱ्याच्या गुलाबचंदाची पोरगी पाहिली, रुख्मा. गुलाबचंद सरळ बोलला — पोराची जोडी दाखवा, मग सोयरीक. झालं. दुसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या सुरू.

कोणी शिकवलं म्हणतोस? कोणीच नाही. तालीम कुठली इथं. स्वतःच्या डोक्यानं केलं त्यानं, हे मले कबूल आहे. बोऱ्यात चार पायल्या धान घातलं, भिंतीवर कोळशानं चार रेघा मारल्या, बोरा ढोलीजवळ ठेवला. सकाळी दहा वेळा छातीपर्यंत उचलायचा, मग मेढीले धरून बैठका. सोमवार आला की एक पायली वाढवायची आणि आणखी एक रेघ मारायची. आणि एक दिवस उचलला की दुसऱ्या दिवशी हात लावायचा नाही. मी म्हटलं, आळशा, आज काऊन नाही? तर म्हणे, भाऊ, अंगाले भरायले वेळ लागते. भिजवलेली लाखोरीची डाळ खायचा मूठभर, वरून पेज. चार महिन्यांत दंड असा झाला — मी पाहिला ना, बोडीवर आंघोळ करताना. पाठीवर घोट्याएवढी गाठ हलायची. मी पाहिली आणि मले — जाऊ दे.

त्या रेघा पाहा. मोज. पंधरा. वीस झाल्या की बोरा दोन मणाचा भरायचा. पण पंधरावरच अडला. दोन महिने पंधरा. कधी तर तेवढाही उठेना. म्हणायचा, भाऊ, काल उचलला तो आज काऊन उचलत नाही, मले पुन्हा ताप तर नाही? मी म्हणायचो, तुझ्या हाडातच नाही गड्या. पावसाळ्याचं धान ओल धरते, जड होते, एवढंच —

बरं, तू धक्क्यावरचा हमाल आहेस. तो कोपऱ्यातला बोरा तोच आहे. उचल. उचल म्हणतो ना. गुडघ्यापर्यंत तर आण. — ठेव, ठेव, पायावर पाडशील. घाम आला काय? किती असेल वाटते? अडीच मण? जास्त? शालीकनं तो कमरेपर्यंत आणला होता, मनिराम. गुलाबचंद पाहायले आला त्या दिवशी, खळ्यावर, त्याच्यासमोर; वरच्या पाच पायल्या मीच भरून दिल्या. कमरेपर्यंत आणला, तिथंच थांबला, मान फुगली, मले वाटलं आता जाते खांद्यावर. मग सुटला हातातून. लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. गुलाबचंदानं जोडे घातले, सोयरीक तिथंच मोडली.

धान टाकलं असतं तर बोरा फुगला असता. वाळू फुगत नाही. नाल्याची बारीक वाळू दाण्यांच्या मधात शिरते, वरून काही दिसत नाही. तो बोडीवर गेला की मी दोन ओंजळी टाकायचो. रोज नाही. गाठ मात्र त्याच्यासारखी मारायचो, डाव्या हाताची, शिकून घेतली होती मी. तू असा उभा काऊन राहिलास? सहा एकर आहे आमचं. तीन-तीन केलं तर कोणाचंच पोट भरत नाही. शिवाय ह्या घरात शब्द माझा चालते. त्यानं एवढंच केलं असतं की राहिला असता, खाल्लं असतं, पेंढ्या उचलल्या असत्या. दुसऱ्या दिवशी निघून गेला. मी म्हटलं, महिनाभरात येईल खोकत.

दोन वर्षं टिकला, हे मले नवल. पण एक सांग, एवढा दोन वर्षांचा हमाल मालडब्यात चढायच्या फळीवरून पडते कसा? — दोन? एका वेळी दोन बोरे पाठीवर? तुम्ही सगळे एक नेता ना, मग हा दोन काऊन? मुकादमानं सांगतलं? — नाही. मग?

काय म्हणायचा? पुन्हा सांग.

‘घरी एक बोरा आहे, इथल्या कोणत्याही बोऱ्यापेक्षा जड. तो उचलायले जायचं आहे.’ असं म्हणायचा? आणि तुम्ही हसायचे.

तू हे आल्या आल्या काऊन नाही सांगतलं?

ऊठ. पाणी प्यायलास ना, ऊठ मग. कोहमाऱ्यावरून मोटार मिळेल तुले, उशीर नको करू. गाठोडं राहू दे. आकडा ने, मले कायले पाहिजे तो. नाही — ठेव. तोही ठेव. आणि बायको अंगणात भेटली तर नुसता रामराम कर, काही बोलू नको.

गेला.

बोरा तिथंच आहे, गाठ माझ्या हातची. मी तो अजून सोडला नाही.