हुपरीचा माणूस

रसायनाच्या प्रात्यक्षिकात पुडीतल्या क्षारातला धातू ओळखला की आठ गुण होते, आणि त्या आठांवर कृष्णातचं इंटर सुटत होतं. परीक्षा देऊन तो हुपरीच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं उभा होता. पोचवायला त्याच्या वर्गातला यज्ञेश्वर आला होता. त्यानं विचारलं,

“आपल्या टेबलावर दोघांना एकच पुडी होती ना? धातू काय लिहिलास?”

“शिसं. पांढरा साका आला की.”

“अरे, पांढरा साका चांदीचाही येतो. अमोनियात विरघळतो का ते पाहिलास?”

“न्हाय. वेळ कुठं हुता?”

“बोटं काळी कशानं झाली?”

“उन्हात उभं ऱ्हायल्यापास्नं झाल्यात. धुतली तरी जाईनात.”

“मग चांदीच होती ती! शिशानं बोटं अशी होत नाहीत.”

“हळू बोल की, रांगंत सगळी हुपरीची हाईत. घरात तीन पिढ्या चांदीचं पैंजण करत्यात. अप्पांना काय सांगू?”

“माझंही शिसंच आहे.”

“तुला तर ठावं हुतं!”

“आधी चांदीच लिहिली होती. तुझ्या पेपरात शिसं दिसलं आणि खोडली. म्हटलं, हुपरीचा माणूस चांदीला चुकेल कसा?”

गाडी आली. कृष्णातनं दोन्ही हात खिशात घातले.

“म्हंजे माझं आठ माझ्या हातानं गेलं, आणि तुझं बी माझ्याच हातानं.”