काकांचं अरबी

अरबीचं विचारताय ना, मग मी काय करून बसले तेही ऐका. मीरा रोडला आम्ही चार नर्सेस मिळून अरबी शिकायचो. गोडदेवचे जाधवकाका वीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते, तेही हौसेने यायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "शलोनिच?" म्हणजे कशी आहेस.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, पुस्तकात 'कैफ हालुकि' आहे. चुकीचं शिकवू नका."

ते परत आलेच नाहीत. पुढे कुवेतच्या नोकरीसाठी माझी मुलाखत झाली. समोरच्या बाई काकांसारख्याच बोलत होत्या आणि मला काही कळेना. नोकरी हातची गेली.

मी काकांकडे गेले. "माझं चुकलं. शिकवाल?"

काका म्हणाले, "अगं, त्या दिवसापासून कुवेतच्या माझ्या जुन्या शेठचा फोन आला तरी मी हिंदीतच बोलतो."